धानाच्या थप्पीची टोपी

आधी नाव सांगतो, मग झालं ते. सुनंदा रामटेके बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतात. मी त्यांच्या वर्गात कधी बसलेलो नाही, वयानेही त्या माझ्याहून लहानच असतील. तरी आज सिंदेवाहीत माझं बस्तान आहे, लोक 'ताडपत्रीवाले भाऊ' म्हणून हाक मारतात, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हे सुरुवातीलाच लिहिलं नाही तर पुढचं लिहायला माझा हात चालणार नाही.

मी मूळचा बार्शीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. वडील अंथरुणाला खिळले होते आणि घरात कमावतं कुणी नव्हतं. मामा ट्रक चालवायचा. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर त्याच्या फेऱ्या असत. ट्रकची ताडपत्री फाटली की तो सिंदेवाहीच्या किसनभाऊंकडे ठिगळ लावून घ्यायचा. अशाच एका फेरीत त्याने ताडपत्रीसोबत मलाही तिथे उतरवलं. किसनभाऊ म्हणाले, "राहू दे. पोरगं भितरं दिसते, पण भितरं माणूस टाका बरोबर घालते." त्यांचं हे बोलणं कौतुक होतं की टोमणा, हे मला बरीच वर्षं कळलं नाही. बोलीच कळत नव्हती. 'काऊन बे', म्हणजे नुसतं 'का रे', म्हटलं तरी मला वाटायचं, चूक झाली. मी 'न्हाई' म्हटलं की गिऱ्हाईक हसायचं.

धंदा काय, ते थोडक्यात सांगतो, कारण ताडपत्री म्हणजे दुकानातून विकत आणायचं निळं प्लास्टिक असं आता सगळ्यांना वाटतं. आमची ती नव्हे. आमची जाड सुती कापडाची, मेण पाजलेली. कापडाचा तागा येतो. त्याचा पन्हा, म्हणजे रुंदी, पाच फुटांहून थोडी जास्त. मोठी ताडपत्री करायची तर पन्ह्याला पन्हा जोडायचा. जोडताना वरचा पन्हा खालच्या पन्ह्यावर चढवायचा, कौलावर कौल चढवतात तसा, म्हणजे पाणी जोडावरून घसरून जातं. खालचा वर चढला की जोडाचं तोंड आभाळाकडे होतं आणि पाणी आत शिरतं. आमच्या धंद्यातली पहिली शिकवण हीच. बाकी कडेला दुमड, दुमडीत दोरी, दोरीला कड्या.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कोळशाचे ट्रकवाले घाईत असतात, गाडी दारात चालूच ठेवतात. धान निघालं की नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा मंडपवाले येतात. त्यांना रंगमंचाच्या मागचा पडदा हवा असतो, पण तो ताडपत्रीसारखा दिसायला नको असतो. तलावात मासे धरणारे एक ढिवरभाऊ माप सुतळीला गाठी मारून आणायचे. एकदा लांबीची गाठ कुठली आणि रुंदीची कुठली तेच विसरले, आणि मला म्हणाले, "तुले जे बरं वाटन ते लांबी धर." एका म्हाताऱ्या बाईने बैलासाठी झूल शिवून घेतली होती. झूल झाली तेव्हा बैल विकलेला होता. तिने ती अंगणातल्या चुलीवर टाकली आणि म्हणाली, फुकट नाई गेली.

यातलं कुठलंही काम मला अवघड वाटलं नाही. चौकोनी कापड, लांबी गुणिले रुंदी, झालं. सातवीपर्यंतचं शिक्षण पुरत होतं.

अवघड होती ती टोपी. धान खरेदी केंद्रावर शेतकरी पोती आणून टाकतात आणि काटा, म्हणजे वजन, व्हायची वाट बघतात. गोदाम भरलेलं असलं की पोत्यांची थप्पी उघड्यावर, ओट्यावर लागते. थप्पी सरळ भिंतीसारखी उभी केली तर ढासळते, म्हणून बुडाशी रुंद आणि वर निमुळती रचतात. माथा सपाट, मधोमध जरासा उंचवटा. अशा थप्पीवर साधी चौकोनी ताडपत्री टाकली की कोपऱ्यांवर घड्या पडतात. घडीत पाणी साचतं, वारा घुसतो. म्हणून मापाची टोपी शिवतात. माथ्याचा एक आयत आणि चार उतरत्या बाजू. प्रत्येक बाजू वर आखूड, खाली लांब.

किसनभाऊंची यासाठी ठरलेली रीत होती. बुडाची लांबी धरायची, उंचीने गुणायचं, तेवढं कापड घ्यायचं. मग दोन्ही बाजूंचे तिरपे कोपरे कापून टाकायचे. कोपरे वाया जात नसत, वर्षभर ठिगळांना चालत. कापड कधी कमी पडायचं नाही. रीत चांगलीच होती, मात्र दुकानात तागे भरपूर हवेत.

एका वर्षी किसनभाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते नागपूरला मुलाकडे गेले. दुकान पहिल्यांदाच माझ्या एकट्यावर. जाताना म्हणाले, मोठं काम घेऊ नको, ठिगळं लावत राहा. मला तेच हवं होतं. पण शनिवारी संध्याकाळी जवळच्या एका केंद्राचे सचिव, गुरनुले भाऊ, मोटारसायकलवर आले. बंगालच्या उपसागरात वादळ उठलं होतं, रविवारी रात्रीपर्यंत पाऊस येणार असं टीव्हीवर सांगत होते. त्यांच्या ओट्यावर एक मोठी थप्पी उभी होती आणि जुनी टोपी उंदरांनी खाल्लेली. पोत्यांचा काटा झालेला नव्हता. म्हणजे धान अजून शेतकऱ्यांचंच. भिजलं तर केंद्र घेणार नाही, आणि ओलं धान परत नेऊन शेतकरी करणार काय?

किसनभाऊ नाहीत म्हटल्यावर ते चिडले. म्हणाले, मालक नाई तं दुकान उघडं काऊन ठेवलं, शटर पाडाचं. मग मला मागे बसवून माप घ्यायला घेऊन गेले. वाटेत मी एकच विचार करत होतो. हो म्हटलं आणि कापड कमी पडलं तर किसनभाऊ मला परत मामाच्या ट्रकमध्ये बसवतील. नाही म्हटलं तर गावोगाव सांगतील की त्या बार्शीवाल्याने धान भिजू दिलं. गावी माझ्या पैशांवर चार माणसं जेवत होती.

ओट्यावर पंधरा-वीस शेतकरी आभाळाकडे बघत बसले होते. त्यांत रामटेके बाई होत्या. वडिलांचं धान त्याच थप्पीत होतं, म्हणून शाळा सुटल्यावर त्या तिकडेच आल्या होत्या. मी टेप लावली. बूड छत्तीस फूट बाय अठ्ठावीस, माथा चोवीस बाय सोळा. उंची मी कोपऱ्याच्या कडेने घेतली, कारण आमच्या धंद्यात मोजतात त्या कडा. दोरी कडेतून जाते, शिवण कडेला पडते. ती भरली बारा फुटांना थोडी कमी. तिथेच उकिडवा बसून किसनभाऊंच्या रीतीने हिशोब केला. जवळजवळ दोन हजार चौरस फूट. दुकानात कापड सोळाशेच्या आसपास. नवे तागे नागपूरहून मंगळवारी येणार.

मी गुरनुले भाऊंना सांगितलं, कापड पुरत नाही. ते म्हणाले, "मंग आम्ही का थप्पीवर झोपाचं का?"

बाई जवळ आल्या आणि मला विचारलं, हिशोब कसा केला. कुणी बाई-मास्तर हिशोबाचं विचारायला लागले की मला अजून घाम फुटतो. मी सांगितलं, बूड गुणिले उंची.

"आणि वरचे कोपरे?"

"कापून टाकतो."

"टाकता, मंग मोजता काऊन?"

मी टेप गुंडाळायला लागलो. त्यांनी विचारलं, शाळा कितवीपर्यंत. सातवी म्हटलं. तर हसून म्हणाल्या, "म्हणजे थोडक्यात हुकला तुमचा. समलंब चौकोन आठवीत येते."

मग त्यांनी वर्तमानपत्राचा कागद घेतला आणि त्याचे दोन सारखे तुकडे फाडले. दोन्ही वर आखूड, खाली लांब, थप्पीच्या बाजूसारखे. एक सुलटा ठेवला, दुसरा फिरवून त्याच्या शेजारी, डोकं खाली. दोघांच्या तिरप्या कडा एकमेकींना चिकटल्या. आता वरची कड म्हणजे एकाचा माथा आणि दुसऱ्याचं बूड, खालचीही तेवढीच. कोपरे मधे राहिलेच नाहीत. त्या म्हणाल्या, दोन बाजू मिळून माथा अधिक बूड एवढी लांबी, गुणिले उंची. एक बाजू हवी तर त्याचं अर्धं. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं, समांतर बाजूंची बेरीज, गुणिले उंची, भागिले दोन.

बाईंचे वडील मागून म्हणाले, "लेकी, शाळा सुटली आता. धान भिजन."

"बाबा, धानाचंच करून राह्यली."

त्यांनी चारही बाजूंचा आणि माथ्याचा हिशोब केला. तरी जोड, शिवण धरून सोळाशेच्या वरच गेला. मला जरा बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. आता नाही म्हणायला बाईंचाच आधार होता. पण त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि विचारलं, उंची कुठून घेतली. मी कोपरा दाखवला. त्या म्हणाल्या, ती उंची नव्हे, ती तिरपी कड. उंची बुडाशी काटकोनात घ्यायची, बाजूच्या पोटावरून. आम्ही पुन्हा टेप धरली, बाजूच्या मधोमध, माथ्याच्या कडेपासून सरळ खाली. दहा फूट.

दीड-दोन फुटांचा फरक. माझ्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं, कारण बाजूच्या पोटावर कड नसते, आणि कड नसेल तिथे ताडपत्रीवाला टेप लावत नाही. आता चार बाजू मिळून हजार चाळीस आणि माथ्याचे चारशेला थोडे कमी. जोड, दुमड, शिवण धरून सगळं सोळाशेच्या आत, अगदी काठावर. मी हो म्हटलं. म्हणताना गुरनुले भाऊंकडे बघितलं नाही.

रविवारी सकाळपासून मशीन चालू. दोन पन्हे लांबीला जोडून एकशे दहा फुटांची लांबच लांब पट्टी केली. जोड जाऊन रुंदी बरोबर दहा फूट. पट्टीच्या मधोमध एकच लांब जोड, वरचा पन्हा खालच्यावर चढवलेला. राइस मिलच्या धान वाळवायच्या पटांगणात ती पसरली. बाई आल्या होत्या. खडूने चार बाजू आखल्या, एक लांब बाजू सुलटी, दुसरी उलटी, मग आखूड बाजूही तशाच, एक सुलटी, एक उलटी. पट्टीच्या दोन टोकांना एकेक अर्धा कोपरा उरला, बस्स. मेण पाजलेली बाजू वरच राहिली, कारण तुकडा पालथा घालायचा नव्हता, नुसता फिरवायचा होता. मी कापलं. दुपारपर्यंत चारही बाजू माथ्याला आणि एकमेकींना जोडून टोपी तयार झाली. हमालांनी ती ट्रॅक्टरवर टाकली, केंद्रावर नेली आणि थप्पीवर चढवली. एकही घडी नाही. गुरनुले भाऊ तिच्याभोवती फिरून आले आणि म्हणाले, जमलं बाप्पा. आभाळ एव्हाना शिशासारखं झालं होतं.

मला सवय आहे, काम झालं की जोडावरून बोट फिरवायची. किसनभाऊ तिला माझा रोग म्हणतात. पहिल्या बाजूचा जोड गुळगुळीत, बोट वरून खाली घसरलं. दुसऱ्या बाजूला वळलो तर बोट जोडात अडकलं. तोंड वर. पुढच्या बाजूचंही तोंड वर. चौथी ठीक.

तुकडा फिरवला की त्याच्याबरोबर जोडही फिरतो. सुलट्या तुकड्यात वरचा पन्हा खालच्यावर, तर उलट्या तुकड्यात खालचा वरच्यावर. आयुष्यभर जी गोष्ट मी झोपेतही चुकलो नसतो, ती कागदाच्या तुकड्यांच्या आनंदात चुकलो होतो. कागदाला जोड नसतो. बाईंना हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं, ते मला ठाऊक असायला हवं होतं. एक लांब बाजू आणि एक आखूड बाजू, दोन्हींच्या ऐन मधोमध, पाण्याला आत घेणारी फट. माथ्याचं आणि वरच्या अर्ध्या बाजूचं सगळं पाणी तिच्यात उतरणार होतं.

मी ओट्याच्या कडेवर बसलो. पळून जावं असं खरोखर वाटलं. बाईंनी विचारलं तेव्हा मी जोड दाखवला. त्यांनी त्यात बोट घालून बघितलं. मग म्हणाल्या, "हे माह्या ध्यानात नाई आलं. आता काय करता येते ते तुमी सांगा, हे तुमचं काम हाय."

त्या चिडल्या असत्या तर मी गप्पच बसलो असतो. पण हे तुमचं काम, असं त्या म्हणाल्या, आणि मला वळचण आठवली. घराच्या भिंतीवर पाणी येऊ नये म्हणून छप्पर जसं थोडं पुढे काढतात, तशी जोडाच्या वर एक पट्टी शिवायची, खाली मोकळी लोंबती. पाणी पट्टीवरून जोड ओलांडून पुढे पडेल. कापड? सकाळच्या लांब पट्टीच्या टोकांचे दोन कोपरे होते ना. ते मी किसनभाऊंच्या सवयीने ठिगळांसाठी ट्रॅक्टरवर टाकून आणले होते.

मी जोड मोजायला टेप काढली. बाई म्हणाल्या, "मोजू नका. इकडं तीस, तिकडं बावीस."

मी तरी मोजला. मी घाबरा माणूस आहे, दुसऱ्याच्या सांगण्यावर कापड कापत नाही. तीस भरला. दुसरीकडे बावीस. त्यांना कसं कळलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जोड बरोबर मधात हाय ना? माथा चोवीस, बूड छत्तीस. मधात किती असन?"

तेव्हा मला त्या अर्ध्याचा अर्थ कळला. काल बेरीज, गुणाकार, भागिले दोन हे मी मान हलवून ऐकलं होतं, पण आकडा आला म्हणून मानलं होतं, दिसलं नव्हतं. आता दिसलं. माथा आणि बूड यांची बेरीज करून तिचं अर्धं करतात ते म्हणजे हा मधला जोड. त्या जोडाएवढं लांब आणि दहा फूट उंच असं सरळ आयताकृती कापड घेतलं, तर ते या बाजूएवढंच भरतं. वर जेवढं कमी, खाली तेवढंच जास्त. इतकी वर्षं मी तो जोड शिवत होतो.

पण बघत बसायला वेळ नव्हता. कोपऱ्यांच्या वीतभर पट्ट्या कापल्या. मशीन तिथे नव्हती, म्हणून दाभण आणि मेणाची सुतळी. हमालांकडे दाभणं असतातच, पोती शिवायची. एका बाजूला मी आणि दोन हमाल, दुसऱ्या बाजूला बाई, त्यांचे वडील आणि हमालीण सिंधूबाई. सिंधूबाई बाईंचे टाके बघून म्हणाली, मास्तरीन, एवढे लांब टाके घालता, पोरायले पण असंच शिकवता का. बाईंनी मुकाट्याने उसवून पुन्हा घातले. टाक्यांच्या भोकांवर मेणबत्ती घासली. शेवटची गाठ मारत होतो तेव्हा थेंब सुरू झाले.

पाऊस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडला. उघडल्यावर आम्ही टोपी उचलून बघितली. पोती कोरडी. बुडाच्या थरातली काही ओलावली होती, पण ते पाणी ओट्याच्या भेगेतून खालून आलं होतं, त्याला टोपीचा इलाज नाही. ती पोती उन्हात वाळवली आणि सगळ्या थप्पीचा काटा झाला. गुरनुले भाऊंनी मला चहा पाजला आणि पुन्हा शटरचं काही बोलले नाहीत.

किसनभाऊ परत आले, डोळ्यावर काळा चष्मा. सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, कोपरे कुठी हाय. नाहीत म्हटलं. तर म्हणाले, "मंग वर्षभर ठिगळं कशाची लावशीन?" पुढे ते दुकानात बसत होते तोवर बुडानेच मोजत राहिले. मीही त्यांना शिकवायला गेलो नाही. पण दोन-चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकाने टोपी विचारली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, त्याले विचार, टोपीचं काम तो पाहते. मला परत पाठवायचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही. ते थकले तेव्हा दुकान त्यांनी माझ्याच हाती दिलं. मामाच्या ट्रकमध्ये मी पुढेही बसलो, पण गावी भेटायला जाताना.

उलटसुलट कापायची रीत मी अजून वापरतो, फक्त जोड आता आडवा घेत नाही, उभा घेतो. उभा जोड कसाही फिरवला तरी पाणी त्याच्या कडेने खाली जातं. हे त्या दिवशी सुचलं असतं तर बाईंच्या बोटांना दाभण टोचलं नसतं, अशी रुखरुख आहे. प्लास्टिक आल्यापासून टोप्यांचं काम कमी झालं आहे, पण सुटलेलं नाही. शेततळ्याला आत कापड लावायचं असलं तरी हाच हिशोब, थप्पी उलटी केलेली.

बाईंची मग गोंडपिपरी तालुक्यात बदली झाली. जाण्याआधी दुकानात आल्या होत्या. मी त्यांच्या घरच्या पुंजण्यासाठी, म्हणजे कापलेल्या धानाच्या गंजीसाठी, ताडपत्री शिवून ठेवली होती, ती त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, द्यायचंच असेल तर एकदा माझ्या वर्गात या. आठवीची मुलं सूत्र पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्यांच्यासमोर कापड कापा, जोड दाखवा. मी हो म्हटलं आणि गेलो नाही. दर वर्षी त्यांचा फोन येतो, दर वर्षी मी हंगामाचं कारण सांगतो. खरं कारण हंगाम नाही. वर्ग म्हटलं की मला अजून तोच घाम फुटतो.

पण आता हे छापून येणार, म्हणजे मागे फिरायला जागा राहिली नाही. बाई, यंदा तो धडा येईल तेव्हा कळवा. कापड मी आणीन, कात्री आणीन, दोन पन्हे जोडून आणीन. फक्त मला फळ्याजवळ उभं करू नका. मी खाली जमिनीवर बसतो, मुलांना भोवती बसू द्या.